टॉन्सिल काढल्यावर लगेच गावी आणावं का? मदत हवी आहे

मुलगी ९ वर्षांची. गाव यवतमाळ जिल्ह्यात, आडवळणाला. घसा सारखा धरतो. ताप चढतो, टॉन्सिलवर पांढरे ठिपके येतात, थुंकी गिळतानाही लेकराच्या डोळ्यांत पाणी. औषधांचे कोर्स दर वेळी पूर्ण केले, मिठाच्या गुळण्या, हळद-दूध चालूच आहे. बरं वाटतं अन् थोड्या दिवसांत पुन्हा तेच. वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं ५-५ वेळा घसा आला तर काढायचा विचार करतात, असं डॉक्टर म्हणाले. ती त्यात बसते. घोरणं नाही, रक्त तपासणी ठीक. काढायचं ठरलंय, त्यामुळे 'काढावं की नाही' हा प्रश्न नाही.

धास्ती नंतरची आहे. खपली सुटताना, साधारण ५ ते १० दिवसांत, कधीकधी रक्त येतं म्हणतात. नेमकी तेव्हा ती घरी असणार. शेवटची एसटी संध्याकाळीच जाते, नाल्याला पूर आला की १०८ सुद्धा गावापर्यंत येत नाही. म्हणून पावसाळ्यानंतर करू, पण तेव्हा कापूस वेचणी. शहरात फार दिवस थांबणं जड जातं. नातेवाईक आहेत तिथं, खोली लहान.

ज्यांनी लहानपणी काढले किंवा लेकरांचे काढले, त्यांनी सांगा: किती दिवस शहरात थांबलात? घरी आल्यावर रक्त आलं का, कितव्या दिवशी, आणि रात्री काय केलंत?