गाडी चालवताना फोन: हँड्सफ्रीसकट बंदी हवी का?

आडवळण: हवीच, आणि हँड्सफ्रीसकट. ताशी ६० किमी वेगात गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाते. मेसेजवर दोन सेकंद नजर गेली की ३३ मीटर रस्ता न बघताच मागे पडला. ब्रेकवर पाय जायला लागणारा सेकंद-दीड सेकंद वेगळाच. हँड्सफ्रीने हात मोकळा होतो, डोकं नाही. नजर समोर असूनही रस्त्यात आलेला माणूस लक्षातच येत नाही.

चौथा गिअर: मेसेजचं मान्य. पण हँड्सफ्री पकडणार कसं? हातातला फोन काचेतून दिसतो. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात २०१९ च्या अखेरीपासून त्यासाठी कॅमेरे आहेत. ब्लूटूथवर बोलणारा आणि गाणं गुणगुणणारा मात्र बाहेरून सारखेच दिसतात. जो नियम राबवता येत नाही, तो बाकीच्या नियमांचाही धाक घालवतो. शिवाय शेजारी बसलेल्याशी बोललेलं चालतंच ना?

आडवळण: शेजारचा रस्ता बघत असतो. समोरचा ट्रक मध्येच घुसला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरच्याला यातलं काही दिसत नाही. तो विचारतच राहतो आणि चालक उत्तरं देत राहतो.

मैलाचा दगड: खरा घोळ 'वापर' या शब्दाच्या व्याख्येत आहे. ब्रिटनमध्ये २००३ साली आलेली बंदी संभाषण-संदेशांच्या भाषेत लिहिलेली होती, त्यामुळे फोनवर व्हिडिओ काढणारा सुटू शकत होता. मार्च २०२२ मध्ये नियम बदलून फोटो, व्हिडिओ, गेम, स्क्रोल करणं सगळं आत घेतलं. सिग्नलला थांबलेली गाडीही तिथे सुटत नाही, आणि ते बरोबरच आहे: वाचलेला मेसेज हिरवा लागल्यावरही डोक्यात घोळतो.

दुचाकीचं कुणीच बोललं नाही. हेल्मेटमध्ये खुपसलेला फोन 'हातात' नसतो. पण तिथलं पॅडिंग दाबलं जाऊन हेल्मेट नीट बसत नाही आणि फोन घसरला की हात हँडलवरून सुटतो. खांदा-कानाच्या चिमट्यात धरला तर मान वाकडी, त्या बाजूचा आरसा गेला. नकाशाला सूट द्या, पण फोन स्टँडवर घट्ट बसवलेला, काचेच्या मधोमध नाही आणि एअरबॅगच्या झाकणावर तर नाहीच. पत्ता निघण्याआधी टाकायचा.

चौथा गिअर: मग 'हातात किंवा अंगाला टेकवून धरलेला' असं लिहा. हँड्सफ्रीची पूर्ण बंदी नवशिक्यांना आणि स्कूलबसच्या चालकांना लावा. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तशी आहे. सगळ्यांना नको.

आडवळण: सगळ्यांनाच हवी. रस्त्यात पकडता नाही आलं, तरी अपघातानंतर कॉलची वेळ मोबाइल कंपनीच्या नोंदीत सापडते. कलमच नसेल तर ती नोंद बघून करणार काय?