दुपारी दूध, संध्याकाळी पाणी : माझा कोपॉलिमर बिघडलाय का?

हळदवाली, सांगली
एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आहे. पेग या पाण्यात विरघळणाऱ्या पॉलिमरवर राफ्ट पद्धतीने (साखळ्यांची लांबी ताब्यात ठेवून पॉलिमर वाढवायची पद्धत) पी-निपाम या दुसऱ्या पॉलिमरचा तुकडा, म्हणजे ब्लॉक, वाढवलाय; दोन्ही मिळून हा कोपॉलिमर. परवा दुपारी लाइट गेली, लॅबमध्ये ३६ अंश, आणि डिस्टिल्ड वॉटरमधलं नितळ द्रावण बघता बघता दुधासारखं झालं. ओतून द्यायला बेसिनपर्यंत नेलं होतं. संध्याकाळी सहज व्हायल माठाच्या पाण्यात धरली तर पुन्हा नितळ! डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणारं यंत्र) २५ अंशांना ६ नॅनोमीटर. ४० अंशांना दोन शिखरं, एक ४० नॅनोमीटरच्या आसपास, दुसरं हजाराच्या पुढे. मायसेल (साखळ्या एकत्र येऊन बनणारे बारीक गोळे) झालेत की नाही? त्यात हळदीतलं कुर्क्युमिन भरायचंय. सांगा की कुणीतरी, तीन महिने गेलेत यात.

जुना राफ्टवाला, सातारा
ओतलं नाहीस हे फार बरं केलंस. पी-निपाम साधारण ३२ अंशांपर्यंत पाण्यात विरघळतो. त्यावर त्याला धरून बसलेलं पाणी सुटतं आणि साखळी आक्रसते. १९६८ पासून माहीत असलेली गोष्ट आहे. २५ ला दोन्ही ब्लॉक विरघळलेले, मग मायसेल कशाला होतील? ते ६ म्हणजे सुट्या साखळ्या.
खरा प्रश्न दुधाचा. पेग पुरेसा लांब असेल तर तो बाहेर राहून गोळ्यांना एकमेकांना चिकटू देत नाही, आणि पातळ द्रावणाला नुसती निळसर झाक येते. दूध दिसतंय, म्हणजे पेग नसलेला पी-निपाम मिसळला असावा. एआयबीएन या रिअॅक्शन सुरू करणाऱ्या रसायनापासून निघालेल्या साखळ्यांना पेग नसतोच. किती घातलं होतंस?

हळदवाली
मॅक्रो-सीटीएच्या (राफ्टचा एजंट जोडलेला पेग) निम्मं. रिअ‍ॅक्शन फार हळू चालली होती म्हणून वाढवलं.

जुना राफ्टवाला
तिथंच झालं. पुढच्या वेळी दहाव्या हिश्श्यावर आण. आत्ताचं द्रावण ४५ ला ठेवून गाळून बघ. सिरिंज आणि फिल्टरही गरम हवेत, नाहीतर वाटेत निवून सगळंच विरघळेल आणि खाली उतरेल.

मिरजेची
कुर्क्युमिन भरल्यावर फ्रिजमध्ये ठेवू नकोस. गार झालं की मायसेल सुटतात, आणि कुर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तळाशी पिवळा साका बसतो. माझा अख्खा आठवडा असा गेला. बफर वापरणार असशील तर क्षारांमुळे ३२ चा आकडा खाली येतो, आधी मोजून घे.

हळदवाली
०.४५ मायक्रॉनच्या गरम फिल्टरमधून गाळलं. निळसर झाक आली! खिडकीपाशी धरून दहा वेळा बघितली. हजाराचं शिखर गेलं, ४२ चं राहिलं. व्हायल आत्ता वॉटर बाथमध्ये ४० वर आहे. वॉचमनकाकांना सांगून आलेय, स्विच बंद करू नका म्हणून.