मदत हवी आहे: कामवाल्या बायकांची संघटना रजिस्टर कुठे करायची?

वस्तीवरची:
नमस्कार. संघटना रजिस्टर करायची आहे. फॉर्म कुठे मिळतो, पैसे किती, वकील लागतो का, एवढंच सांगा. घाई आहे. आमच्या वीस जणींतल्या पाच जणींचं गेट बंद केलंय, बाकीच्या घाबरून परत कामावर जायला लागल्यात. पोलिसांत जा म्हणू नका, जाऊन झालंय.

शंकासुर:
शहर कुठलं? गेट बंद म्हणजे? कुणी केलं, का केलं?

बचतवाली:
संघटनेच्या भानगडीत पडू नका ताई, बचत गट काढा. दहा जणी जमवा, ठराव लिहा, बँकेत खातं उघडा. आमचा गट पापडावर सुरू झाला, आता दिवाळीला भाजणीच्या ऑर्डरी पुऱ्या होत नाहीत.

शंकासुर:
त्यांना काम परत हवंय हो, पापड नकोत.

वस्तीवरची:
पुणे, वाकड. सोसायटीने गेटवरच्या अ‍ॅपमधून नावं काढली, वॉचमन आत सोडत नाही. आई त्यात आहे. भरपगारी चार सुट्ट्या मागितल्या, एवढाच गुन्हा. ताप आला तरी खाडा धरतात. भांडी किती, केर-फरशी किती, दर यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरतो. एकीने जास्त मागितले तर कुणीच कामावर ठेवत नाही.

फ्लॅटवाला:
दुसरी बाजूही ऐका. आमची बाई जत्रेला म्हणून गेली ती पंधरा दिवस उगवली नाही, फोन बंद. दोघं नोकरी करतो, घरात लहान मूल. आम्ही कुणाकडे संघटना काढायची?

हमालाचा नातू:
तुमची काढलेलीच आहे की साहेब. कमिटी आहे, अध्यक्ष आहे, दरसुद्धा ठरवता.

ताई, फॉर्म राहू द्या. माझे आजोबा भवानी पेठेत पोती उचलायचे, डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीत, म्हणजे हमालांच्या संघटनेत होते. आधी माणसं एक झाली, ओझी वाहणाऱ्यांसाठीचा माथाडी कायदा 1969 ला आला. पुण्यातच 1980 साली आजारपणात घरी राहिली म्हणून एका मोलकरणीला काढलं, तेव्हा बायकांनी संप केला. पुणे शहर मोलकरीण संघटना त्यातून उभी राहिली. तेव्हा कुणाच्या हातात कुठला फॉर्म होता?

कायद्याचा किडा:
भाषण छान, पण माथाडी मंडळ घरकामाला लागू नाही.

वस्तीवरची, नीट वाचा. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्याखाली सात जणींना युनियनसाठी अर्ज करता यायचा. आता औद्योगिक संबंध संहिता, 2020 लागू झाली आहे आणि तिने 'उद्योग' या व्याख्येतून घरगुती सेवा वगळली आहे. त्यामुळे नवी युनियन नोंदवायला गेलात तर अडकण्याची शक्यता मोठी. घाई असेल तर शहरातल्या जुन्या घरकामगार संघटनेच्या सभासद व्हा. त्यांचं लेटरहेड उद्या वापरता येतं, तुमचं नोंदणीपत्र कधी येईल ते सांगता येत नाही.

हमालाचा नातू:
म्हणजे माझंच म्हणणं.

कायद्याचा किडा:
नाही. तुम्ही संप म्हणालात. वीसातल्या पंधरा जणी आत काम करत असताना संप कसला?

माहितीदूत:
सगळ्यांचं ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांचं सरकारी नोंदणी कार्ड काढून घ्या, मोबाईलवर होतं. शिवाय 2008 च्या कायद्याने घरेलू कामगार कल्याण मंडळ आहे, 18 ते 60 वयाच्या बायकांची नोंदणी होते. प्रसूतीला मदत, अंत्यविधीला मदत, पंचावन्न झालेल्यांना सन्मानधन.

वस्तीवरची:
ई-श्रम दाखवून वॉचमन आत सोडेल का? मंडळाच्या अर्जाला आईकडे मालकाचा दाखला मागितला. तो कोण देणार, गेट बंद करणारे?

साधीसुधा:
मंडळाकडून भांड्यांचा संच मिळतो ना? आमच्या शेजारणीला मिळाला. फॉर्म कुठे भरायचा?

माहितीदूत:
तो बांधकाम कामगारांचा. मंडळ वेगळं, तिथे वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो.

साधीसुधा:
ती तर शिवणकाम करते.

शंकासुर:
धागा भरकटवू नका. वस्तीवरची, पाच जणींची घरं किती? पगार मिळालेत का?

वस्तीवरची:
मिळून सतरा-अठरा घरं. पगाराचं लिहायचं राहिलं. मागच्या महिन्याचा चौघींना मिळालाच नाही. आत जाताच येत नाही तर मागणार कसा? आईला दोन मॅडमनी फोनवर पाठवून दिला, त्या चांगल्या आहेत.

कायद्याचा किडा:
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं! केलेल्या कामाचा पगार ही तुमची सगळ्यात पक्की बाजू आहे. बाईचं नाव, फ्लॅट, कामं, ठरलेला पगार, शेवटचा दिवस असं वहीत उतरवा. पत्र प्रत्येक फ्लॅटमालकाच्या नावाने वेगळं, सोसायटीच्या नावाने नको, कारण पगार सोसायटी देत नाही. संघटनेच्या लेटरहेडवर स्पीड पोस्टाने पाठवा आणि एक प्रत कामगार उपायुक्त कार्यालयात देऊन पोच घ्या. गेटचा विषय सोसायटीला वेगळ्या पत्रात. त्या दोन मॅडमना दाखलाही मागा.

फ्लॅटवाला:
पगार बुडवणं चूकच, त्यात दुमत नाही. पण न सांगता पंधरा दिवस जाणाऱ्यांचं काय, हे कुणी बोलत नाही.

वस्तीवरची:
वहीचं आज रात्रीच घेते, बायका नऊनंतरच मोकळ्या होतात. कामावर जाणाऱ्या पंधरा जणींनाही बोलवायचं का? आई म्हणते नको, त्यातली एक सगळं वर सांगते.

हमालाचा नातू:
बोलवा. तिलाही बोलवा. वर्गणीची पावती तिच्याच नावाने आधी फाडा.

साधीसुधा:
शिवणकामवाल्यांसाठी काही योजना आहे का?