नाकातून काढतात, डोकं उघडावं लागतंच असं नाही

ताई, वडिलांच्या एमआरआयमध्ये पिट्युटरीची, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या संप्रेरकं बनवणाऱ्या ग्रंथीची, १४ मिलिमीटरची गाठ दिसली, आता डोकं उघडणार का, असं विचारलंय तुम्ही. बहुतेक वेळा नाही. नाकातून दुर्बीण घालून, स्फेनॉइड सायनसमधून, म्हणजे नाकामागच्या हाडातल्या पोकळीतून, वाट काढत गाठ काढतात. पण त्याआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन (याच ग्रंथीतलं एक संप्रेरक) तपासलंय ना, ते बघा. गाठ प्रोलॅक्टिनोमा, म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणारी, निघाली तर बहुतेकदा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसते, ऑपरेशनची वेळ येत नाही.

आमच्या खानापूरच्या मावशीचा खांदा सारखा दाराच्या चौकटीला धडकायचा. चष्म्याचा नंबर दोनदा बदलला, त्यात वर्ष गेलं. गाठ वर चढून दृष्टीच्या नसा जिथं एकमेकींना छेदतात तिथं दाबत होती, म्हणून दोन्ही कडेचं दिसेना झालं होतं. तेव्हा व्हिज्युअल फील्डची, म्हणजे कडेचं किती दिसतं याची, तपासणी बेळगावात आधी करून घ्याच.

ऑपरेशननंतर तहान फार लागली, लघवी भरमसाट झाली, किंवा वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं गळलं, तर रात्र असली तरी डॉक्टरांना कळवा. मावशीनं प्यायलेलं पाणी आणि झालेली लघवी, दोन्ही मापून आम्ही वहीत लिहीत होतो.