इचलकरंजीत महापौराला मत कुठल्या बटनावर द्यायचं?

धोटा (इचलकरंजी)

१५ जानेवारी २०२६ ला आमच्या महापालिकेचं मतदान आहे आणि आमच्या सायझिंगमध्ये (विणण्याआधी सुताला खळ देतात त्या कारखान्यात) सध्या सुताच्या भावापेक्षा याचीच चर्चा जास्त. मी तिथं दिवाणजी. हिशेबाचा माणूस म्हणून सगळे मलाच विचारतात आणि मलाच नीट उमगलेलं नाही, म्हणून इथं विचारतोय.

२०१६ ला आमची नगरपालिका होती. तेव्हा मी तीन मतं दिलेली. दोन प्रभागातल्या नगरसेवकांना, एक नगराध्यक्षाला, थेट. २०२१ च्या शेवटी मुदत संपली, २०२२ मध्ये महानगरपालिका झाली, तेव्हापासून प्रशासकच. आता महापालिकेची पहिली निवडणूक. १६ प्रभाग, ६५ नगरसेवक. आम्हाला चार मतं द्यायची आहेत, पण चारही नगरसेवकांनाच. मग महापौराचं मत कुठं गेलं? माझी बहीण जयसिंगपूरला दिलीय. तिनं २ डिसेंबरला नगराध्यक्षाला मत दिलं. जयसिंगपूर आमच्यापुढं केवढंसं! गाव मोठं झालं आणि आमचं एक मत कापलं, असं कसं?

दुसरं म्हणजे, चारही मतं एकाच पॅनेलला, म्हणजे एकत्र उभ्या राहिलेल्या चौघांनाच, द्यावी लागतात का? कार्यकर्ते येतात आणि "एकच चिन्ह, चारदा दाबा" एवढं सांगून पुढच्या दारात जातात. आईला विधानसभेचं एक बटन माहीत आहे. तिला कसं समजावू?

आणि पुतण्या सप्टेंबरमध्ये अठरा पूर्ण झालाय. त्याचं नाव यादीत नाही. काही करता येईल का?

रंकाळ्याचा वारा (कोल्हापूर)

भावा, महापौराला मत द्यायची हौस असेल तर आधी स्वतः नगरसेवक हो, दुसरा रस्ता नाही.

आमच्याकडं २०१५ ते २०२० एवढ्या काळात सात-आठ महापौर झाले. कुणी नाराज राहायला नको म्हणून महिन्यांची वाटणी. सत्काराचे हार उतरायच्या आत राजीनाम्याची तारीख जवळ आलेली असायची. त्यामुळं तुझं मत कापलं याचं मला फार दुःख नाही.

मला दुःख वेगळं आहे. २०१५ ला आमच्यात एक वॉर्ड, एक नगरसेवक होता. तालमीतला माणूस, सकाळी टपरीवर चहाला यायचा, तिथंच गाठायचा. नाही आला तर घर माहीत. आता ८१ नगरसेवक आणि प्रभाग २०. पेठेतल्या माणसानं मतं मागायला पार दुसऱ्या टोकाच्या कॉलनीत जायचं, आणि तिथल्यानं पेठेत. ओळख ना पाळख.

मिरजेच्या बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त. २०१८ च्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेच्या निवडणुकीत केंद्राध्यक्ष म्हणून ड्यूटी केली आहे. तीही चार सदस्यांच्या प्रभागाचीच होती, म्हणून लिहिते. जरा लांबेल.

धोटा, आधी तुमच्या मताचं. नगरपालिका आणि महानगरपालिका यांचे कायदे वेगळे. नगराध्यक्ष थेट निवडायचा की नगरसेवकांतून, यावर सरकारं सारखी बदलत आली. २०१६ ला थेट केलं, २०२० ला रद्द केलं, २०२२ ला पुन्हा थेट. तुमच्या बहिणीला ते मत मिळालं ते त्यामुळे. महापौराला यातलं काहीच लागू नाही. निकालानंतर पहिल्या सभेत नगरसेवक हात वर करून महापौर निवडतात, अडीच वर्षांसाठी. आणि ते पद कुठल्या प्रवर्गाला जाणार, खुलं की महिला की अनुसूचित जाती की ओबीसी, याची सोडत अजून निघालेलीच नाही. ती मतदानानंतर मुंबईत निघेल. तेव्हा तुमच्या गल्लीत कुणी "भावी महापौर" असा फलक लावला असेल तर त्याला सोडतीची चिठ्ठी आधीच दिसली असावी!

बहुमत कुणाचं यावरूनही खात्री धरू नका. आमच्याकडे २०१८ ला ७८ पैकी ४१ जागा भाजपच्या आल्या. अडीच वर्षांनी, फेब्रुवारी २०२१ ला, महापौर राष्ट्रवादीचा झाला. मधे निवडणूक नाही, काही नाही. काही नगरसेवक फुटले, एवढंच.

आता यंत्राचं. आईला एवढंच सांगा की मतदान एकदा, पण बटनं चार. जागांना अ, ब, क, ड अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक जागेच्या मतपत्रिकेचा रंग वेगळा. अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. रंग बदलला की नवीन बटन, असं सांगितलं की म्हाताऱ्या माणसांना पटकन कळतं, माझा अनुभव आहे. एका रंगात एकच मत. उमेदवार कमी असतील तर एकाच यंत्रावर दोन रंग शेजारी येतात, तिथे घोळ होतो. चारही मतं झाली की मगच लांब आवाज येतो. आमच्या केंद्रावर निम्मी माणसं एक बटन दाबून, विधानसभेसारखी, सरळ दाराकडे निघायची. आम्ही ओरडायचो, "आजोबा, अजून तीन राहिली!" आणि ते म्हणायचे, "मला एकालाच द्यायचंय." ज्या जागेवर कुणीच पसंत नाही तिथे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटन असतं, ते दाबून पुढे जायचं. आणि विधानसभेला काचेत दिसते तशी चिठ्ठी इथे दिसणार नाही. ती न दिसल्यावर घाबरून बाहेर येऊन आरडाओरडा नको.

पॅनेलची सक्ती अजिबात नाही. अ ला एका पक्षाचा, ब ला अपक्ष, क ला तिसराच, चालतं. चार जागांच्या चार स्वतंत्र निवडणुका आहेत. कार्यकर्ते हे सांगणार नाहीत, कारण पॅनेलमध्ये एक माणूस जोरातला असतो आणि बाकीचे त्याच्या मागे बसून येतात. मी तर म्हणेन, अ पासून ड पर्यंत प्रत्येक नाव वेगळं विचारा. हा माणूस राहतो कुठे, याआधी नगरपालिकेत होता का, होता तर सभेत कधी तोंड उघडलं का.

आणखी एक. राखीव जागा म्हणजे मतही राखीव, असं बऱ्याच जणांना वाटतं. एक गृहस्थ ब जागेपाशी थांबून मला विचारत होते, "हे महिलांचं आहे, मी कशाला दाबू?" उमेदवार त्या प्रवर्गातला असतो, मत सगळ्यांनीच द्यायचं असतं.

पुतण्याला या वेळी थांबावं लागेल. महापालिकेची वेगळी यादी बनत नाही, विधानसभेचीच यादी फोडून प्रभागवार करतात आणि यंदा ती १ जुलै २०२५ ची धरली आहे. तुमचं आणि आईचं नाव मात्र आत्ताच बघून घ्या. घर एका प्रभागात आणि नाव शेजारच्या प्रभागात, असं होतं.

धोटा (इचलकरंजी)

बाई, तुमचा रंगांचा उपाय आईला आवडला. ती म्हणाली, हे तर सूत ओळखण्याएवढं सोपं झालं.

पण मन मानत नाही. आमचा मोठा प्रश्न पाणी. कृष्णेचं पाणी मजरेवाडीहून येतं ते पुरत नाही, पंचगंगेच्या प्रदूषणाची अवस्था सगळ्यांना ठाऊक, आणि दूधगंगेचं पाणी आणायची सुळकूड योजना विरोधात अडकलेली. थेट निवडलेला महापौर असता तर त्याला धरता आलं असतं. आता ६५ जणांमध्ये कुणाला धरायचं?

संध्याकाळची चक्कर (पुणे परिसर)

मध्येच बोलते. आमच्या प्रभागात मागच्या वेळी चार नगरसेवक होते. सोसायटीसमोर ड्रेनेज तुंबलं की पहिला म्हणायचा ते तिसऱ्याच्या भागात येतं. तिसऱ्या बाईंचा फोन त्यांचे मिस्टर उचलायचे आणि "मी बघतो" म्हणायचे. चौथ्यांना तर आम्ही प्रचारानंतर पाहिलंच नाही. काम करायचा तो आरोग्य निरीक्षक, त्याचा नंबर मी अजून ठेवलाय.

आणि हे प्रभागाचं गणित तरी कुठं स्थिर आहे? पुण्यात २००२ ला तीनचा प्रभाग, २००७ ला एकाचा, २०१२ ला दोनचा, २०१७ ला चारचा. ज्याची सत्ता त्याला सोयीचा आकडा. मुंबईला मात्र अजून २२७ वॉर्ड आणि एकाला एकच. तिथलं माणूस एक बटन दाबून घरी जातं.

मिरजेच्या बाई

संध्याताई, निरीक्षकाचा नंबर ठेवलात ते उत्तम केलंत.

धोटा, तुम्ही ज्याला धरायचं म्हणता त्या महापौराच्या हातात काय आहे ते बघा. सभेचं अध्यक्षपद, मान, गाडी, दालन. अंमलबजावणी आयुक्तांची, आणि आयुक्त सरकार पाठवतं. पैशाच्या नाड्या स्थायी समितीकडे. १६ माणसं असतात, मोठ्या निविदा तिथून जातात. महापौर कोण यावर गावभर पैजा लागतात, पण स्थायीचा सभापती कोण झाला हे चार माणसांना विचारा, दोघांना सांगता येणार नाही. सुळकूडचा निर्णय तर महापालिकेच्या इमारतीत होणारच नाही. कागलकडच्या गावांचा विरोध आहे, पाणी कुणाचं हा वाद आहे, तो मंत्रालयातच सुटेल किंवा अडकेल.

थेट निवडीचंही मी पाहिलं आहे. २०१६ नंतर बऱ्याच गावांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं. विषयपत्रिका आली की बहुमतवाल्यांनी हाणून पाडायची. लोक नगराध्यक्षाला धरायचे आणि तो सभागृहाकडे बोट दाखवायचा.

तेव्हा दारात जो येईल त्याला एवढं विचारा: स्थायी समितीवर गेलात तर पाण्याच्या कामाच्या निविदा आमच्यासमोर ठेवाल का? निवडून आल्यावर प्रभागाची सभा घ्याल का, कुठे, कधी?

धोटा (इचलकरंजी)

काल एक पॅनेल आलं होतं. विचारलं. चौघांपैकी एका बाईंनी वही काढून प्रश्न लिहून घेतला, क जागेच्या. बाकी तिघं हात जोडून हसले, आणि मागचा कार्यकर्ता म्हणाला, "दिवाणजी, ते सगळं बघू, आधी चिन्ह लक्षात ठेवा."

रंकाळ्याचा वारा (कोल्हापूर)

मग पिवळा रंग ठरला म्हण की. बाकी तीन रंगांचं काय करणार ते सांग.

धोटा (इचलकरंजी)

अजून दोन पॅनेल आणि एक अपक्ष यायचा आहे. वही काढणारं आणखी कुणी निघतंय का बघतो.