बिलाच्या तळाशी बघा

आयकर काढून सगळा कर खर्चावर लावा, म्हणजे कुणी सुटणार नाही, असं वर एकांनी लिहिलंय. आमच्या लातूर भागात बहुतेक घरं शेतीची, अन् शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाहीच. तरी कर सुटतो कुठं? सोयाबीनवर अळी पडली की कृषी सेवा केंद्रातून फवारणीचं औषध आणायचं. बिलाच्या तळाशी केंद्राचा ९ आणि राज्याचा ९ टक्के जीएसटी. व्यापारी खरेदीवर भरलेला कर आपल्या विक्रीवरच्या करातून वळता करून घेतो, शेतकऱ्याला ती सोय नाही. पाऊस दडी मारो की भाव पडो, ते १८ टक्के गेलेच. आयकर निदान कमाई झाली तरच लागतो.

शिवाय लहान घरात हाती आलेलं सगळं खर्चून जातं. ज्याची शिल्लक पडते, त्याची शिल्लक मात्र करातून मोकळी. हे मला अजिबात पटत नाही.

ब्रिटिश अर्थतज्ज्ञ निकोलस कॅल्डोर यांची खर्चावरच्या कराची कल्पना वेगळी होती: माणसाचा वर्षाचा एकूण खर्च मोजायचा आणि मोठ्या खर्चावर चढत्या दरानं कर घ्यायचा. भारतात १९५७ साली तसा कायदा झालाही, पण वसुली थोडीच झाली अन् १९६६ मध्ये तो गुंडाळला. आता पॅन अन् बँक खाती जोडलेली असताना बोलायचंच तर त्यावर बोलू.