मदत हवी आहे: व्यायामशाळेच्या भिंतीवर कोणता हेवीवेट बॉक्सर काढायचा? (पेंटरला इसार देऊन बसलो)

पऱ्हाटीवाला:

राजेहो, नमस्कार. प्रश्न वाचून हसाल, पण गावात तट पडून राहिले म्हणून विचारतो.

आमचं गाव धामणगाव रेल्वे तालुक्यात, तळेगाव दशासरकडून आत. ग्रामपंचायतीच्या जुन्या गोदामात पोट्ट्यांनी व्यायामशाळा सुरू केली आहे. दोन जोड डंबेल, एक बार, आणि छताच्या अँगलला टांगलेलं युरियाचं पोतं. त्यात चिंध्या अन् रेती. तीच आमची पंचिंग बॅग. एका भिंतीवर मारुती आहे, त्याच्याबद्दल कोणाचं काही म्हणणं नाही. समोरची भिंत मोकळी आहे. तिच्यावर एक बॉक्सर काढायचा आणि खाली लिहायचं, 'आधुनिक काळातला सर्वश्रेष्ठ हेवीवेट चॅम्पियन', असं ठरलं. वर्गणी झाली, पेंटरला ५०० रुपये इसार गेला. पेंटर सध्या तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी रंगवण्यात बुडाला आहे, पण पोळ्याच्या आधी दोन दिवस काढून देतो म्हणाला.

आता बॉक्सर कोणता, हे ठरेना.

काकाजी (एसटीत ड्रायव्हर होते, आता निवृत्त) म्हणतात मुहम्मद अली, आणि त्यांच्या लेखी विषय तिथंच संपतो. माझ्या वयाचे सगळे टायसनवाले. होलीफिल्डचा कान चावला ती लढत आम्ही गावातल्या एकुलत्या एका डिशच्या घरी पाहिली होती. १९९७ च्या जूनमधला रविवार, सकाळची वेळ, घरचे तिकडे पेरणीसाठी बोंबलत होते. आणि माझा भाचा, जो पोलिस भरतीची तयारी करून राहिला, त्याला फक्त ओलेक्झांडर उसिक दिसतो. १९ जुलै २०२५ च्या रात्री लंडनच्या वेम्बलीत उसिकनं डॅनियल दुबोआला पाचव्या राउंडला झोपवलं, ते पाहायला हा पोट्टा रात्रभर मोबाईल घेऊन टाकीवर बसला होता. खाली रेंज येत नाही.

मला पंच केलं आहे. दोन्ही बाजूंनी पंच खाऊन राहिलो. काकाजी काल भाच्याला म्हणाले, "अलीनं सरकारशी पंगा घेतला बे. तुह्या त्या पोट्ट्यानं काय केलं?" भाचा म्हणे, "आबाजी, तो हरलाच नाही ना पण एकदाही!" झालं, तिथून चहा थंड.

तर मला हे सांगा. 'आधुनिक' म्हणजे कधीपासून धरायचं? हरणं मोजायचं का? आणि वजनाच्या फरकाचं काय? मनापासून सांगा, टिंगल नको. लहान पोरं ती भिंत वाचणार आहेत.

*

वऱ्हाडी_ठेचा:

शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बरं असते गड्या. जोडी सुटली, घड्याळ दाबलं, सेकंद पुकारले. यंदाची जोडी अन् मागची जोडी कागदावर शेजारी ठेवता येते. बॉक्सिंगमध्ये घड्याळाचा काही उपयोग नाही. टायसननं १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं. जो लुईसनं १९३८ मध्ये मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत. म्हणून काय टायसन ३३ सेकंदांनी मोठा?

माझं मत टायसनलाच, पण कारण वेगळं आहे. तुमची भिंत किती उंच आहे? टायसन ५ फूट १० इंच. बाकीचे सगळे छताला लागतील.

*

पऱ्हाटीवाला:

@वऱ्हाडी_ठेचा, भिंत ८ फूट आहे पण खालचे दोन फूट ओल धरतात. म्हणजे ६ फूट. अली ६ फूट ३ इंच, उसिकही तेवढाच. हे मी पेंटरला विचारलंच नव्हतं.

*

जुना_मास्तर:

दादा, आधी 'आधुनिक'चा निकाल लावू. हातमोजे घालून, क्वीन्सबेरी नियमांनी हेवीवेटचा किताब ठरला तो १८९२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सला, जेम्स कॉर्बेटनं जॉन सुलिव्हनला हरवलं तेव्हा. तिथून धरलं तर जो लुईसला टाळता येत नाही. १९३७ ते १९४९ चॅम्पियन, २५ वेळा किताब राखला. हेवीवेटमध्ये तो आकडा अजून कोणी गाठला नाही. रॉकी मार्सियानोही येतो, ४९ लढती, ४९ विजय, त्यातले ४३ नॉकआउट. पण मार्सियानो साधारण ८४-८५ किलोचा होता. आज हेवीवेट म्हणवून घ्यायला २०० पौंडांच्या, म्हणजे ९०.७ किलोंच्या वर लागतं. आजच्या नियमांत तो हेवीवेट ठरतच नाही. म्हणून मी म्हणेन, तुमची रेघ १९६४ वर ओढा. त्या फेब्रुवारीत २२ वर्षांच्या कॅशियस क्लेनं, म्हणजे पुढच्या अलीनं, सनी लिस्टनला हरवलं. अलीच्या बाजूनं रेघ ओढली असं टायसनवाले म्हणतील. म्हणू द्या.

आता मोजायचं काय? माझ्या मते, जिंकल्या-हरल्याच्या आकड्यापेक्षा कोणाला हरवलं आणि तो समोरचा तेव्हा कोणत्या भरात होता, हे पाहावं. किन्शासा, ३० ऑक्टोबर १९७४. जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० जिंकलेला. ज्या फ्रेझरनं अलीला हरवलं होतं त्याला फोरमननं दोन राउंडमध्ये सहा वेळा खाली पाडलं होतं. ज्या नॉर्टननं अलीचा जबडा मोडला होता त्यालाही दोनच राउंडमध्ये संपवलं होतं. अली तेव्हा ३२ वर्षांचा. तो दोरांना टेकून मार खात राहिला, फोरमनचे हात जड होऊ दिले, आणि आठव्या राउंडला त्याला पाडलं. आपल्याकडे तापलेल्या गोऱ्ह्याला आधी धावू देतात, मग दावं टाकतात, तसंच.

आणि हे सगळं साडेतीन वर्षं वाया गेल्यावर. सैन्यभरतीला नकार दिला म्हणून १९६७ मध्ये किताब काढून घेतला, परवाने गेले. २५ ते २८ हे वय बॉक्सरचं सोनं असतं, ते कोर्टकचेरीत गेलं. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा रद्द केली, पण गेलेली वर्षं कोण देणार? काकाजींचा तो सरकारशी पंग्याचा मुद्दा भाच्यानं हसण्यावारी नेऊ नये.

टायसनबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर १९८६ मध्ये वीस वर्षं चार महिन्यांचा असताना चॅम्पियन, आजवरचा सर्वांत तरुण. ती तीन-साडेतीन वर्षं डोळे दिपवणारी. पण मागे पडल्यावर सामना फिरवून जिंकणं त्याला जमलं नाही. टोकियोत १९९० मध्ये बस्टर डग्लसनं हरवलं, होलीफिल्डनं दोनदा, लेनॉक्स लुईसनं २००२ मध्ये. यातल्या एकाचीही परतफेड झाली नाही.

*

झाडीपट्टी_वाला:

मास्तर, तुम्ही लेनॉक्स लुईसचं नाव नुसतं टायसनला मारायला वापरलं. त्याच्यावर हा अन्याय नेहमीचाच. व्यावसायिक कारकिर्दीत ज्या ज्या माणसासमोर उभा राहिला, त्या प्रत्येकाला त्यानं कधी ना कधी हरवलं. ऑलिव्हर मॅककॉलकडून हरला, परत गाठलं. तेव्हा मॅककॉल रिंगमध्येच रडायला लागला होता. हसीम रहमाननं २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झोपवलं, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लुईसनं चौथ्या राउंडला हिशेब चुकता केला. होलीफिल्डशी पहिला सामना बरोबरीत दिला गेला तेव्हा लोक खवळले होते, आठ महिन्यांनी परत लढून निर्विवाद चॅम्पियन झाला. ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी. शेवटची लढत विताली क्लिचकोशी, तीही जिंकून गेला.

पण त्याचा फोटो भिंतीवर कोणी लावत नाही. दोष एवढाच की तो फार शहाण्यासारखा लढायचा.

*

रातपाळी:

लॅरी होम्स!! ४८-० होता. कोणालाच आठवत नाही का?

*

जुना_मास्तर:

@रातपाळी, आठवतो. १९८० मध्ये ३८ वर्षांच्या, थकलेल्या अलीला त्यानंच मारलं, आणि लोकांनी त्याला ते कधी माफ केलं नाही. डावा जॅब मात्र त्याच्यासारखा कोणाचाच नाही.

*

भरती_२०२५:

मी तोच भाचा. मामानं माझी बाजू नीट मांडली नाही म्हणून अकाउंट उघडलं.

मास्तर, तुमचंच माप घेतो. भरातला, न हरलेला माणूस हरवला का? टायसन फ्युरी मे २०२४ मध्ये एकदाही हरलेला नव्हता, वय ३५, उंची ६ फूट ९ इंच. उसिकनं त्याला रियाधमध्ये हरवलं आणि चारही संघटनांचे बेल्ट एकत्र केले. चार बेल्टच्या काळात हेवीवेटमध्ये हे आधी कोणाला जमलं नव्हतं. अलीच्या वेळी दोनच मोठ्या संघटना होत्या, आता चार, म्हणजे चौघांचं कुलूप उघडावं लागतं. डिसेंबरमध्ये परत लढला तेव्हा फ्युरी जवळपास २५ किलोंनी जड होता. डीएपीचं अर्धं पोतं अंगावर घेऊन बारा राउंड लढून दाखवा. तरी तिन्ही जजनी उसिकला दिलं. त्याआधी जोशुआला दोनदा, दुबोआला एकदा, अन् नंतर यंदा परत दुबोआला. या सगळ्यांच्याही आधी खालच्या क्रूझरवेटमध्ये सगळे बेल्ट. जुलै २०२५ पर्यंत २४ पैकी २४. लंडन ऑलिम्पिकचं सुवर्ण वेगळंच.

आबाजींबद्दल आदर आहे. पण अली १९७६ मध्ये जिमी यंगविरुद्ध आणि नॉर्टनच्या तिसऱ्या सामन्यात जिंकला कसा, हे ते सामने पाहून सांगा.

*

वऱ्हाडी_ठेचा:

अबे, पोट्टा तयारीचा हाय. भरतीच्या तोंडी परीक्षेत पाठवा याले.

*

जुना_मास्तर:

बेटा, मुद्दा रास्त आहे. नॉर्टनचा तिसरा सामना मीही नॉर्टनलाच दिला असता. आणि उसिकचं पारडं खरंच अलीच्या जवळ आलं आहे, हे काकाजींना माझ्या वतीनं सांग. पण अलीच्या काळात फळीच वेगळी होती: लिस्टन, पॅटरसन, फ्रेझर, फोरमन, नॉर्टन, शेव्हर्स. मनिलातल्या १९७५ च्या सामन्यात चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरच्या प्रशिक्षकानं त्याला उठू दिलं नाही, आणि अलीही स्टुलावरून धड उठण्याच्या अवस्थेत नव्हता. पंधरा राउंडांचा जमाना होता तो. उसिकनं फ्युरी, जोशुआ, दुबोआ मारले, आणखी दोन-तीन तशाच तोडीचे मिळाले असते तर मी आजच पारडं फिरवलं असतं. त्यात त्याचा दोष नाही, काळाचा आहे.

*

संत्र्याचा_बहार:

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. जानेवारी १९८० मध्ये अली भारतात आला होता, आणि दिल्लीत पंजाबच्या कौर सिंगशी प्रदर्शनी लढतीत चार राउंड खेळला. हे कौर सिंग फौजेतले शिपाई, पुढं १९८२ च्या आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण जिंकले. आपला एक शेतकरी घरचा माणूस अलीसमोर उभा राहिला. उसिकच्या समोर आपला कोण उभा राहिला? भिंतीसाठी मला एवढं पुरेसं आहे.

आणि एक इशारा. लिस्टन खाली पडला आहे आणि अली वरून ओरडतोय, तो जगप्रसिद्ध फोटो काढू नका. तो १९६५ मधला, मेन राज्यातल्या लुईस्टनचा दुसरा सामना. पहिल्याच राउंडला लिस्टन ज्या ठोशानं पडला तो ठोसा लागला की नाही यावर आजही भांडणं आहेत. भिंतीवर काढाल आणि दहा वर्षांनी एखादा भाचा येऊन विचारेल.

*

पऱ्हाटीवाला:

सगळ्यांचे आभार. काल रात्री व्यायामशाळेत बैठक झाली. जुना_मास्तर यांचा पहिला प्रतिसाद मी मोठ्यानं वाचला. टायसनवाले 'परतफेड झाली नाही' या वाक्यावर गप्प झाले. त्यांच्यातलाच एक जण हळूच म्हणाला, "कान तेवढा परत दिला असता." त्यानंतर दहा मिनिटं बैठक चालली नाही.

लेनॉक्स लुईसला एकही मत नाही. झाडीपट्टी_वाला, माफ करा. मी बोललो होतो.

मग मी पंच म्हणून निकाल दिला, अली. पण भाच्याच्या हट्टापायी खालचा मजकूर बदलला. 'सर्वश्रेष्ठ' काढलं, नुसतं 'मुहम्मद अली, किन्शासा, १९७४' ठेवलं. काकाजी चिडतील वाटलं होतं. ते म्हणाले, "नाव आहे ना? मग बाकी कायले पाहिजे." शिवाय पेंटर अक्षराचे पैसे वेगळे घेतो, हे नंतर कळलं. आतल्या लोखंडी दाराची जागा उसिकसाठी राखली आहे. तो न हरता निवृत्त झाला तर पुढच्या पोळ्याला किंवा त्याच्या पुढच्या. भाच्यानं दाराला आत्ताच एक घासणी मारून ठेवली.

उंचीचा प्रश्न पेंटरनंच सोडवला. कमरेपासून वरचा अली काढतो म्हणाला, म्हणजे ओलीच्या वर बसेल. लिस्टनवाल्या फोटोबद्दल मी त्याला मुद्दाम विचारलं. तो म्हणे, खाली पडलेल्या माणसाचे ३०० रुपये जास्त होतात, अन् ओल आधी त्यालेच खाईल.

आता शेवटची मदत. कोणाकडे अलीचा समोरून काढलेला, हातमोजे छातीशी असलेला, चेहरा स्वच्छ दिसणारा फोटो आहे का? तोंड मिटलेलं हवं. पेंटर म्हणतो दात काढायला अर्धा दिवस जातो, आणि त्याचे अजून अकरा नंदी बाकी आहेत. उद्या दुपारपर्यंत टाकला तर बरं होईल.